विंडोज बिघडलं, पण फाइली हव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'फॉरमॅट मारून टाक.' त्या सल्ल्याप्रमाणे वागण्याआधी हे पान वाचलं जावं, म्हणून ते लिहिलं आहे. विंडोज पुन्हा उतरवता येतं आणि पुन्हा टाकता येतं. बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो एकाच डिस्कवर असतील, तर ते पुन्हा कुठूनही येत नाहीत. म्हणून इथल्या सगळ्या उत्तरांचा क्रम ठरलेला आहे. आधी फाइली बाहेर काढायच्या, मग दुरुस्ती करायची. दुरुस्तीतही सगळ्यात कमी हात लावणारा उपाय आधी.

एक सूचना: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, मधल्या मोकळ्या जागा आणि तिरक्या रेघा जशाच्या तशा ठेवून.

विंडोज सुरूच होत नाही. म्हणजे माझे फोटो आणि कागदपत्रं गेली का?

बहुतेक वेळा नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइली सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आणि तुमच्या वस्तू 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली. पहिल्या फोल्डरातली एखादी फाइल मोडली तर कॉम्प्युटर उभा राहत नाही, पण तिसऱ्या फोल्डराला त्याचा पत्ताही नसतो.

१९ जुलै २०२४ आठवून बघा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनवर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ती सुमारे ८५ लाख होती. विमानतळ आणि रुग्णालयं अडली. उपाय मात्र एवढाच होता: सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या गोष्टी चालू ठेवून सुरू केलेल्या विंडोजमध्ये) जाऊन त्या सॉफ्टवेअरची एक फाइल पुसायची. लोकांच्या कागदपत्रांना धक्काही लागलेला नव्हता. पडदा कितीही भयंकर दिसला, तरी त्यावरून डेटाची अवस्था कळत नाही.

मग सगळ्यात आधी काय करू?

हात थांबवा. पडद्यावर जो संदेश आणि जो कोड दिसतोय, त्याचा फोनने फोटो काढा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, कारण दुरुस्ती चालू असताना बॅटरी संपली तर साधा बिघाड मोठा होतो. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क असं जे काही जोडलेलं असेल ते काढा आणि एकदा नीट बंद करून चालू करा. मागे राहिलेल्या पेन ड्राइव्हवरूनच बूट व्हायचा (म्हणजे सुरू व्हायचा) प्रयत्न चाललाय आणि घरात रडारड सुरू आहे, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

आणि आठवा: काल काय बदललं? नवं अपडेट, नवा ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), नवा अँटिव्हायरस, वीज गेली, लॅपटॉप पडला? निम्मं निदान या उत्तरात असतं.

बिघाड विंडोजचा आहे की डिस्कचा, हे कसं ओळखायचं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. विंडोज बिघडलं असेल तर तपासण्या आणि दुरुस्त्या चालवायच्या. डिस्क मरायला टेकली असेल तर प्रत्येक तपासणी तिच्या उरलेल्या आयुष्यातून घास घेते.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे बंद करा आणि परत चालू करू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सेटिंगमध्ये) डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही, हेही वाईट लक्षण. बिघाड होण्याआधी काही दिवस फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागत असेल, कॉपी मध्येच अडकत असेल, तरीही संशय डिस्कवरच. एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आवाज करत नाही. ती बऱ्याचदा इशारा न देता थेट गायब होते.

विंडोज कसंबसं सुरू होत असेल, किंवा डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहा. फिरणाऱ्या डिस्कमध्ये सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांच्या) तीन ओळी बघायच्या: बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर आणि न वाचता येणारे सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर बरं. प्रलंबित सेक्टरचा आकडा शून्याहून मोठा असेल आणि वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून फक्त फाइली काढा, त्याही महत्त्वाच्या आधी. डेटा खरोखर अमूल्य असेल आणि डिस्क आवाज करत असेल, तर घरी काहीच करू नका. ते काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं.

तिसरा गुन्हेगार लोक विसरतात, तो म्हणजे रॅम, कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी. दर वेळी वेगळ्याच कोडची निळी स्क्रीन येत असेल, विंडोज नव्याने टाकतानाही मध्येच चूक येत असेल, तर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ चालवा. खराब रॅमवर केलेली दुरुस्ती नव्या चुका डिस्कवर लिहून ठेवते.

विंडोज सुरू होत नसताना फाइली बाहेर कशा काढायच्या?

तीन वाटा आहेत. तिन्हींसाठी बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह हवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडकतो. पेन ड्राइव्ह आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

पहिली वाट नोटपॅडची. ऐकायला विचित्र वाटते, पण मला सगळ्यात आवडते, कारण वेगळं काहीच लागत नाही. रिकव्हरीच्या पडद्यावर जाऊन (तिथे कसं जायचं ते पुढे सांगितलं आहे) ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट असं जा आणि 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतून ओपन निवडा आणि खालच्या यादीत टेक्स्ट फाइल्सऐवजी 'ऑल फाइल्स' करा. आता तुमच्यासमोर साधा फाइल एक्सप्लोरर आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट करा. किती काम झालं हे दाखवणारी पट्टी दिसत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते, म्हणून एकेक फोल्डर घ्या आणि धीर धरा.

इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसतो. एक्स नावाचा ड्राइव्ह दिसेल, तो रिकव्हरीचा तात्पुरता ड्राइव्ह आहे, तिथे तुमचं काही नाही. 'माझा सी रिकामा आहे!' म्हणून घाबरण्याआधी सगळ्या अक्षरांमध्ये 'यूजर्स' फोल्डर शोधा.

दुसरी वाट उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टिमची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. 'इन्स्टॉल' अजिबात नाही. तुमची डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसते आणि कॉपी करताना प्रगतीही दिसते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होता यावं म्हणून पूर्ण बंद न होण्याची सोय) चालू असेल तर उबुंटू ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. आपल्याला तेवढंच हवं आहे. त्यावर जबरदस्तीने लिहायला लावण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट म्हणजे डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं. डेस्कटॉपमध्ये सोपं, आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अवघड, आणि चिप थेट बोर्डवर असेल तर अशक्य. जोडल्यावर विंडोजने 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं विचारलं, तर उत्तर 'नाही'. तो फक्त विंडोजचा प्रश्न आहे, निदान नाही.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांतल्या फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहा आणि प्रत्येक फोल्डरातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर.

नेमकं काय काय कॉपी करायचं?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. डाउनलोड्समध्ये आपण किती महत्त्वाच्या गोष्टी तशाच सोडलेल्या असतात, ते कॉपी करतानाच कळतं.

विसरतं ते 'ॲपडेटा'. तुमच्या नावाच्या फोल्डरात हे लपलेलं असतं. क्रोम, एज, फायरफॉक्स यांचे बुकमार्क, थंडरबर्डची सगळी पत्रं, स्टिकी नोट्स, अनेक खेळांची प्रगती त्यातच असते. जागा असेल तर विचार न करता तुमच्या नावाचं अख्खं फोल्डरच उचला. एक मर्यादा मात्र आहे: क्रोम आणि एजमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोजच्या खात्याशी कुलूपबंद असतात. ते फोल्डर नुसतं दुसरीकडे नेऊन पासवर्ड उघडत नाहीत, त्यासाठी ब्राउझरचं सिंक चालू असावं लागतं.

आउटलुकची पीएसटी फाइल (साठवलेली पत्रं असलेली) शोधा. हिशेबाचा, बिलांचा प्रोग्राम वापरत असाल तर तो डेटा कुठे ठेवतो ते पाहा. जुने प्रोग्राम तो थेट सी ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या प्रोग्राम फोल्डरातच ठेवतात.

वनड्राइव्ह वापरत असाल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं तुमच्या नकळत वनड्राइव्हच्या आत गेलेली असू शकतात. त्यातल्या काही फाइली डिस्कवर नसतातही, फक्त ऑनलाइन असतात. फोनवरून वनड्राइव्ह उघडून काय सुरक्षित आहे ते आधी बघा. कधीकधी निम्मी काळजी तिथेच मिटते.

कॉम्प्युटर ४८ आकडी की मागतोय. मी तर कधी असलं काही लावलंच नव्हतं!

तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असेल. हे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या डिस्कला लावलेलं कुलूप. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुतेक यंत्रांवर आपोआप सुरू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर ते उपकारक आहे. दुरुस्तीच्या वेळी मात्र की नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणालाच वाचता येत नाही. नोटपॅडलाही नाही, उबुंटूलाही नाही, दुकानदारालाही नाही.

ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवर खात्यात लॉगिन करून 'डिव्हाइसेस'मध्ये बिटलॉकर रिकव्हरी की शोधा. पडद्यावर कीच्या ओळखीची पहिली काही अक्षरं दिसतात, ती जुळणारी की घ्या. कॉम्प्युटर पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला ते आठवा, कारण की मुलाच्या किंवा भावाच्या खात्यातही असू शकते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे.

आज तुमचा कॉम्प्युटर धडधाकट असेल, तर हे पान अर्ध्यावर सोडून आधी ती की कागदावर उतरवून घ्या. बायोस अपडेट किंवा बायोसमधला एखादा बदलही ती मागायला पुरेसा होतो.

रिकव्हरीच्या त्या निळ्या पडद्यापर्यंत पोचायचं कसं?

विंडोज लॉगिनच्या पडद्यापर्यंत येत असेल तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा. येत नसेल तर सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीन वेळा. अपयश ओळखून विंडोज स्वतःच रिकव्हरीत जातं. तरीही नाही गेलं, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून बूट करा आणि पहिल्या पडद्यांवर 'रिपेअर' असा पर्याय शोधा.

रिकव्हरीत कीबोर्ड-माउसच चालत नाहीत, असंही होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटने नेमका हाच घोळ केला आणि काही दिवसांत त्यावर तातडीचं अपडेट काढावं लागलं. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून केलेलं बूट कामी येतं, कारण त्यावरची रिकव्हरी वेगळी असते.

तिथले कोणते पर्याय फाइलींना हात लावत नाहीत?

स्टार्टअप रिपेअर, अनइन्स्टॉल अपडेट्स, सिस्टिम रिस्टोअर आणि सेफ मोड. हे चारही या क्रमाने करून पाहायला हरकत नाही.

स्टार्टअप रिपेअर बूटच्या अडचणी आपणहून शोधतं. अनेकदा 'दुरुस्त करता आलं नाही' असं सांगून मोकळं होतं, पण चालवण्यात तोटा नाही. अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर अपडेट काढण्याचा पर्याय बिनदिक्कत वापरा. सिस्टिम रिस्टोअर विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) आधीच्या तारखेला नेतं. तुमची कागदपत्रं तशीच राहतात, मात्र त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम जातात. दुःख एवढंच की अनेक कॉम्प्युटरवर ते मुळात चालूच नसतं, आणि गरज पडते त्या दिवशी मागच्या तारखांची यादी रिकामी निघते.

सेफ मोडसाठी स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग ४ दाबा; इंटरनेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर नीट चालला, तर दोष विंडोजच्या गाभ्यात नसून एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. शेवटचा टाकलेला काढून पाहा. आणि फाइली अजून काढल्या नसतील तर इथे काढा, याहून सोपी जागा मिळणार नाही.

एसएफसी आणि डीआयएसएम चालवा असं सगळे सांगतात. ते नेमकं काय करतात?

एसएफसी विंडोजच्या संरक्षित फाइली तपासतं आणि मोडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत ठेवतं. ती चांगली प्रत ते विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून घेतं. कोठारच सडलं असेल तर एसएफसी 'चुका सापडल्या पण दुरुस्त करता आल्या नाहीत' असं म्हणतं. ते कोठार दुरुस्त करण्याचं काम डीआयएसएमचं. म्हणून आधी डीआयएसएम, मग एसएफसी. बरेच जण उलटं करतात आणि दोन्ही निरुपयोगी ठरवतात.

विंडोज सुरू होत असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' चालवा. इंटरनेट चालू ठेवा, कारण चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून येतात. ६२ टक्क्यांच्या आसपास ते बराच वेळ थांबल्यासारखं वाटतं, बंद करू नका. मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. शेवटी रिस्टार्ट.

विंडोज सुरू होत नसेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून 'एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज', इथे डीच्या जागी तुमच्या विंडोजचं तिथलं अक्षर. दोन्ही आज्ञा तुमच्या वैयक्तिक फाइलींना हात लावत नाहीत.

आणि चेकडिस्क?

डिस्क निरोगी असेल आणि वीज गेल्यानंतर फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याच्या डिस्कवरच्या नोंदी) बिघडली असेल, तर 'चेकडिस्क /एफ' छान काम करतं. आज्ञेचं खरं स्पेलिंग सी-एच-के-डी-एस-के. '/आर' मात्र डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन् तास रगडतं आणि तिला संपवू शकतं. शिवाय फाइल सिस्टिम जुळवून आणण्यासाठी चेकडिस्क मोडक्या नोंदी काढूनही टाकतं. फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. म्हणून ते फाइली बाहेर काढल्यावरच.

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं येतंय, किंवा ०एक्ससी००००००ई असा कोड.

पहिला संदेश म्हणजे विंडोज सुरू व्हायला लागलं आणि त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. बायोस रीसेट झालं असेल किंवा मदरबोर्डचा सेल बदलला असेल, तर डिस्क कोणत्या पद्धतीने जोडायची ही सेटिंग बदललेली असते: एएचसीआयचं रेड झालं किंवा उलट, इंटेलच्या नव्या यंत्रांत व्हीएमडी चालू-बंद झालं. सेटिंग पूर्ववत केली की विंडोज काहीच झालं नसल्यासारखं उभं राहतं. अशा कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

दुसरा कोड बूटच्या नोंदी हरवल्या किंवा बिघडल्याचा. स्टार्टअप रिपेअरने भागलं नाही तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून 'बीसीडीबूट सी:\विंडोज' चालवा, अक्षर तपासून. नव्या नोंदी छोट्या बूट पार्टिशनवर (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) लिहिल्या जातात, तुमच्या फाइली असलेल्या पार्टिशनवर नाही.

विंडोज चालतं, पण जागोजागी मोडलंय. सगळे प्रोग्राम ठेवून दुरुस्ती होते का?

होते, आणि इतक्या कमी लोकांना ती माहीत आहे याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तिला रिपेअर इन्स्टॉल म्हणतात. विंडोज स्वतःवरच नव्याने बसतं; फाइली, प्रोग्राम, सेटिंग सगळं जागेवर राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (अख्खं इन्स्टॉलेशन एकाच फाइलीत) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतला सेटअप चालवा. अट एकच: हे चालू विंडोजच्या आतूनच करायचं, पेन ड्राइव्हवरून बूट करून नाही. भाषा आणि आवृत्ती तुमच्याकडे आहे तीच हवी, होम असेल तर होम. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी जागा मोकळी ठेवा. 'काय ठेवायचं' या पडद्यावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडलेलं दिसलं पाहिजे. तो पर्याय फिका दिसत असेल तर पुढे जाऊ नका. आयएसओ चुकीची आहे.

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत हेच काम सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' या बटणाने होतं. आयएसओ शोधायचीही गरज नाही.

रीसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' निवडलं तर सगळं राहतं का?

फाइली राहतात. प्रोग्राम जातात. ज्यांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, ते रीसेटनंतर डेस्कटॉप बघून हादरतात. काढलेल्या प्रोग्रामांची यादी डेस्कटॉपवर ठेवलेली असते, ती जपा.

बारीक अक्षरातली गोष्ट अशी: रीसेट 'ॲपडेटा', 'प्रोग्रामडेटा' आणि 'प्रोग्राम फाइल्स' यांना तुमच्या वैयक्तिक फाइली मानत नाही. म्हणजे वर सांगितलेली ईमेलची पत्रं आणि प्रोग्रामच्या फोल्डरात बसलेले हिशेब 'कीप माय फाइल्स' निवडूनही जागेवर राहत नाहीत. आणि त्याच्या शेजारीच 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असतं. बटण दाबण्याआधी मोठ्याने वाचा.

पुढचा प्रश्न क्लाउड डाउनलोड की लोकल. तुमच्या विंडोजच्या फाइलीच खराब असल्याचा संशय असेल तर क्लाउड, कारण लोकल त्याच खराब फाइलींतून नवं विंडोज बांधायचा प्रयत्न करतं. साधारण ४ जीबी किंवा जास्त डेटा उतरतो.

बटणावरच 'फाइली राहतील' असं लिहिलंय, मग बॅकअप कशाला?

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ हे अपडेट आलं. नेहमीचं अपडेट, फाइली राहणारच होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरं दुसरीकडे हलवली होती, त्यांतल्या काहींच्या जुन्या जागी उरलेल्या फाइली ते पुसून टाकू लागलं. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वाटप थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा आणलं. ज्यांची दुसरी प्रत होती, त्यांना काही फरक पडला नाही.

पेन ड्राइव्हवरूनच विंडोज टाकावं लागणार आहे. फाइली वाचतील?

वाचू शकतात, पण इथे विंडोजपेक्षा तुमच्या हातावर जास्त अवलंबून आहे.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा नुकताच बॅकअप घेतलेला पेन ड्राइव्ह यासाठी वापरू नका. पार्टिशनच्या यादीत जुनं विंडोज असलेलं पार्टिशन निवडून, फॉरमॅट किंवा डिलीट न दाबता पुढे गेलात, तर सेटअप जुनं विंडोज, प्रोग्राम आणि 'यूजर्स' फोल्डर 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरात हलवतो आणि शेजारी नवं बसवतो. नव्या सेटअपमध्ये मात्र 'सगळं पुसलं जाईल हे मान्य' अशा चौकटीत टिक केल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. म्हणून विंडोज.ओल्ड हा शेवटचा आधार समजा.

एकदा मी सारख्या आकाराच्या दोन डिस्क असलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकायला बसलो. यादीत दोघींची नावं नव्हती, फक्त डिस्क ० आणि डिस्क १. 'डिलीट'वर बोट टेकलं तेव्हा शंका आली. बंद करून दुसऱ्या डिस्कची केबल काढली, पुन्हा चालू केलं, आणि जी यादीत उरली ती मी पुसायला निघालो होतो ती नव्हती. तेव्हापासून विंडोज टाकताना फक्त एकच डिस्क जोडलेली ठेवतो. लॅपटॉपमध्ये ते जमत नसेल तर आकार आणि पार्टिशनांची संख्या आधी कागदावर लिहून घ्या.

विंडोजची की (बिटलॉकरची नव्हे, प्रॉडक्ट की) पुन्हा लागेल का?

त्याच मदरबोर्डवर तीच आवृत्ती टाकत असाल तर सहसा नाही. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. इंटरनेट मिळालं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

दुरुस्तीला दुकानात देताना काय सांगू?

'डेटा हवा आहे. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.' हे तोंडी सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. दुकानाच्या दृष्टीने विंडोज नव्याने टाकणं सगळ्यात जलद असतं, आणि कोणी काही बोललं नाही तर तेच होतं. सी ड्राइव्हचाही बॅकअप घ्या असं स्पष्ट सांगा. 'डी ड्राइव्ह तसाच ठेवलाय' हे ऐकायला बरं वाटतं, पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सीवर असतात. बिटलॉकरची की लागली तर ती काम झाल्यावर बदलून घ्या.

फॉरमॅट होऊन गेलंय. आता?

त्या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही लिहू नका. रिकव्हरी प्रोग्रामही तिच्यावर टाकू नका. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून फोटोरेकसारखा प्रोग्राम चालवा. सापडलेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. फिरणाऱ्या डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं असेल तर आशा चांगली असते. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते, तिथे आशा फार थोडी.

माझ्याकडे मॅक आहे.

तुमचं काम सोपं आहे. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून सिस्टिम आणि तुमचा डेटा वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या वेगळ्या भागांवर) असतात, त्यामुळे रिकव्हरीतून 'रीइन्स्टॉल मॅकओएस' केल्यावर फाइली आणि ॲप दोन्ही जागेवर राहतात. ॲपल सिलिकॉनवर (ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर) पॉवरचं बटण पर्याय दिसेपर्यंत धरून ठेवा, इंटेलवर सुरू होताना कमांड आणि आर. आधी डिस्क युटिलिटीतून फर्स्ट एड चालवा. 'इरेज' या शब्दापासून लांब राहा. ॲपल सिलिकॉनमधली डिस्क काढून दुसरीकडे वाचता येत नाही, त्यामुळे टाइम मशीनचा (मॅकमधल्या बॅकअपच्या सोयीचा) बॅकअप तिथे विंडोजपेक्षाही गरजेचा.

विंडोज १० दुरुस्त करावं की ११ वर जावं?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. कॉम्प्युटर ११ साठी पात्र असेल तर जा, पण बिघडलेल्या १० वरून थेट उडी मारू नका. फाइली काढा, १० सरळ करा, मग अपग्रेड.

सगळं झालं, कॉम्प्युटर चालतोय. विंडोज.ओल्ड कधी काढू?

घाई नको, पण विसरूही नका, कारण साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकू शकतं. लागणाऱ्या वस्तू त्यातून लगेच कॉपी करून घ्या. आतल्या 'यूजर्स'मध्ये तुमचं जुनं फोल्डर असतं. परवानगी नाही असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा. मग घरातल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवा. प्रत्येकाने आपापली एक तरी फाइल शोधून उघडायची: मुलाचा प्रकल्प, आईच्या पाककृतींची वही, बाबांचे स्कॅन केलेले कागद. कोणाचं काय कुठे होतं हे दुरुस्ती करणाऱ्याला कधीच पूर्ण माहीत नसतं. सगळ्यांनी 'सापडलं' म्हटलं की सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन, टेम्पररी फाइल्समधून ते काढा. बाहेर काढलेली प्रत मात्र पुसू नका. तारीख लिहून कपाटात ठेवा.